लुटुपुटीचा कारखाना

पुस्तक वाचून पोहता येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. पण पोहायला शिकवणाऱ्याकडे निदान विहीर असते आणि पाठीला बांधायला भोपळा असतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करता येते, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती परीक्षानळी देता येते. व्यवस्थापन शिकवणाऱ्या विद्यापीठाने काय करावे? वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती शिकण्यापुरता कारखाना कोणी देत नाही. त्याच्या निर्णयाने दोनशे कामगार घरी बसले, तर 'चुकले, आता पुन्हा करून पाहा' असे म्हणण्याची सोय नसते.

या अडचणीवर माणसाने शोधलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. लहान मुले भातुकली मांडतात, तशी मोठ्यांनीही मांडायची. कोणी दुकानदार व्हायचे, कोणी कारखानदार, कोणी मुकादम. पैसे खोटे, माल खोटा, पण घ्यावे लागणारे निर्णय मात्र खरे. या लुटुपुटीच्या कारखान्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो येथे थोडक्यात पाहू आणि त्यातल्या एका खेळापाशी जरा जास्त वेळ थांबू, कारण तो आपल्या वर्गातही चिंचोक्यांवर खेळता येतो.

प्रशियातला नकाशा

सुरुवात लढाईपासून झाली. प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने रणभूमीची प्रतिकृती असलेले एक मेज तयार केले आणि १८१२ मध्ये ते राजाला दाखवले. त्याचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने मेजाऐवजी नकाशा घेतला आणि १८२४ मध्ये खेळाचे नियम छापले. नकाशाचे प्रमाण एकास आठ हजार असे होते. दोन्ही बाजूंचे सैन्य म्हणजे लाल आणि निळ्या ठोकळ्या. एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. चकमकीचा निकाल फासे आणि कोष्टके पाहून ठरे.

या खेळातली खरी कल्पकता पंचाच्या जागेत होती. दोन्ही सेनापती आपले हुकूम पंचाकडे देत. नकाशावर काय काय आहे ते सगळे फक्त पंचालाच ठाऊक असे. त्या ठिकाणी उभ्या असलेल्या सेनापतीला जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्याला दाखवी. निरोप पोहोचायलाही वेळ लागे. अपुरी माहिती आणि उशिरा होणारा परिणाम या दोन्ही गोष्टी खेळात आल्या, आणि बुद्धिबळाहून तो वेगळा झाला. बुद्धिबळात पट दोघांनाही सारखाच दिसतो. सेनाप्रमुख म्युफ्लिंग याने हा खेळ पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचे प्रशिक्षणच आहे, असे उद्गार काढले, असे सांगतात. त्यानंतर तो प्रशियाच्या पलटणींत पोहोचला.

नियम हळूहळू इतके वाढले, की खेळणारे कोष्टकांतच अडकू लागले. १८७६ मध्ये फर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने उलट बाजू मांडली. फासे आणि कोष्टके बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या, असे त्याचे म्हणणे होते. काटेकोर नियम असावेत की शिक्षकाच्या समजुतीवर सोडावे, हा वाद तेव्हापासून असे खेळ घेणाऱ्या प्रत्येकाला पडत आला आहे.

लेनिनग्राडचा प्रयोग

हीच कल्पना कारखान्यासाठी पहिल्यांदा वापरली, ती लेनिनग्राडमध्ये. १९३२ साली तेथे मेरी बिर्श्टाइन या बाईंनी टाइपरायटरच्या एका कारखान्यासाठी खेळ रचला. कारखान्यात यंत्राची जोडणी कशी करायची, सुटे भाग कोणी कधी पोहोचवायचे, एखादा भाग वेळेवर आला नाही तर काय करायचे, हे सर्व आधी कागदावर खेळून पाहायचे, असा बेत होता. प्रत्यक्ष यंत्रे चालू करून चुका करण्यापेक्षा कागदावर चुका करणे स्वस्त पडते. पण त्या काळच्या सोव्हिएत वातावरणात हे काम फार काळ टिकले नाही आणि बाहेरच्या जगाला त्याची माहिती कित्येक वर्षे झाली नाही. त्यामुळे पुढे अमेरिकेत हा शोध जवळजवळ नव्याने लागला.

अमेरिकेत संगणक येतो

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तीन धागे एकत्र आले. लष्करी खेळांची जुनी परंपरा होती, गणिताने निर्णय घेण्याचे नवे शास्त्र युद्धकाळात वाढले होते आणि संगणक नुकताच आला होता. रँड या संशोधनसंस्थेने १९५५ मध्ये हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर एक खेळ तयार केला. खेळाडूने कोठारपाल व्हायचे आणि कुठल्या तळावर किती भाग ठेवायचे ते ठरवायचे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनच्या मंडळींनी नौदलाच्या युद्ध महाविद्यालयातले खेळ पाहिले आणि सेनापतींना जे मिळते ते कंपनीच्या संचालकांना का मिळू नये, असा विचार केला. १९५७ मध्ये त्यांचा खेळ आयबीएम ६५० या संगणकावर सुरू झाला. प्रतिस्पर्धी कंपन्यांची भूमिका घेतलेले गट किंमत, उत्पादन, जाहिरात आणि संशोधन यांवरचे निर्णय लिहून देत आणि संगणक तीन-तीन महिन्यांचा हिशेब करून परत देई. त्याच वर्षी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असा खेळ विद्यार्थ्यांच्या वर्गात वापरला गेला. पुढे कार्नेगी तंत्रसंस्थेत धुण्याच्या पावडरीच्या तीन कंपन्यांचा इतका सविस्तर खेळ रचला गेला, की तो विद्यार्थी महिनोन् महिने खेळत.

संगणक नसलेली वाटही याच सुमारास तयार झाली. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मायर यांनी भूमिका घेऊन करायचे पाठ लिहिले. त्यांपैकी नव्या ट्रकचा पाठ फार प्रसिद्ध आहे. टेलिफोन दुरुस्त करणारी पाच माणसे आणि त्यांचा एक मुकादम. प्रत्येकाकडे एकेक जुना ट्रक आहे आणि आता एकच नवा ट्रक आला आहे. तो कोणाला द्यायचा? एकाची नोकरी सर्वांत जुनी, दुसऱ्याच्या ट्रकचे दार धड लागत नाही, तिसऱ्याला रोज लांब जावे लागते. प्रत्येक विद्यार्थ्याला फक्त स्वतःच्या भूमिकेची चिठ्ठी मिळते. मुकादम झालेला विद्यार्थी सहसा स्वतःच न्यायनिवाडा करायला जातो आणि पाचांपैकी चारांची नाराजी ओढवून घेतो. काही मुकादम प्रश्न सगळ्यांपुढे ठेवतात. मग नवा ट्रक एकाला, त्याचा ट्रक दुसऱ्याला आणि सर्वांत मोडका ट्रक भंगारात, असा तोडगा माणसेच काढतात. गटाने शोधलेला तोडगा गट पाळतो, हे व्याख्यानातून पटवायला कठीण असलेले सूत्र येथे तासाभरात पटते.

भारतातल्या व्यवस्थापनशिक्षणाचा या घडामोडींशी थेट संबंध होता. १९६१ मध्ये आपल्याकडे दोन भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डचे सहकार्य घेतले. कलकत्त्याच्या संस्थेला मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या, म्हणजे एमआयटीच्या, स्लोन व्यवस्थापन विद्यालयाचे साहाय्य होते. हार्वर्डची पद्धत म्हणजे घडून गेलेल्या प्रसंगाची सविस्तर हकीकत वाचून 'तुम्ही असता तर काय केले असते?' यावर चर्चा करायची. ही पद्धत चांगलीच आहे, पण तीत एक उणीव राहते. विद्यार्थी निर्णय सुचवतो, त्याचे फळ मात्र त्याला भोगावे लागत नाही. ती उणीव ज्या खेळाने सर्वांत साधेपणाने भरून काढली, तो एमआयटीतच जन्मला.

फॉरेस्टर यांचा प्रश्न

जे फॉरेस्टर हे नेब्रास्कातल्या गुराढोरांच्या रानात वाढलेले विद्युत अभियंता. सुरुवातीच्या संगणकांतला 'व्हर्लविंड' त्यांच्या देखरेखीखाली बनला आणि संगणकाची चुंबकी स्मृती विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये ते स्लोन विद्यालयात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीची माणसे तेव्हा एका कोड्याने हैराण होती. केंटकी राज्यातल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-तीन, चार-चार पाळ्या चालत आणि थोड्या वर्षांनी अर्ध्या कामगारांना घरी पाठवावे लागे. बाजारातली तेजी-मंदी हे कारण पुरेसे वाटत नव्हते.

फॉरेस्टर यांनी कामगार कसे नेमतात आणि साठा कसा ठरवतात ते विचारून घेतले. मग वहीच्या पानावर रकाने आखले. साठा, कामगार, आलेल्या मागण्या. एका आठवड्याची स्थिती लिहायची, कंपनीच्याच नियमांनी पुढच्या आठवड्याची काढायची, असे करत पेन्सिलीने हिशेब पुढे नेला. निष्कर्ष धक्कादायक होता. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली, तरी कामगारांची संख्या वरखाली होत राहू शकत होती. लाटा बाहेरून येत नव्हत्या, कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतून उठत होत्या. या विचाराची मांडणी त्यांनी १९५८ मध्ये लेखातून आणि १९६१ मध्ये ग्रंथातून केली. पण असे म्हणणे ऐकून कुठल्या व्यवस्थापकाला पटणार? म्हणून त्यांच्या गटाने १९६० च्या सुमारास त्याचा खेळच केला.

बिअरचा खेळ

या खेळाला 'बिअर गेम' म्हणतात. एका गटात चार जागा असतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. गिऱ्हाईक दर आठवड्याला दुकानदाराकडे काही खोकी मागते. दुकानदार व्यापाऱ्याकडे मागणीची चिठ्ठी धाडतो, व्यापारी वितरकाकडे, वितरक कारखान्याकडे. चिठ्ठी पोहोचायला दोन आठवडे आणि माल यायला आणखी दोन आठवडे लागतात. कारखान्याला माल तयार करायला तीन आठवडे लागतात. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्याला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च आणि पुरवता न आलेल्या प्रत्येक खोक्याला एक डॉलर. सर्व गटाचा मिळून खर्च कमीत कमी ठेवायचा. एकमेकांशी बोलायला मात्र मनाई. गिऱ्हाइकाची मागणी फक्त दुकानदाराला कळते.

आता गंमत पाहा. पहिले चार आठवडे गिऱ्हाईक ४ खोकी मागते. पाचव्या आठवड्यात ते ८ मागते आणि मग शेवटपर्यंत ८ च मागत राहते. सबंध खेळात बाहेरून एवढा एकच बदल होतो. तरीही दुकानदाराकडून कारखान्याकडे जाता जाता त्याची प्रचंड लाट होते. एमआयटीचे जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये ११ डावांतल्या ४४ खेळाडूंच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. एका आठवड्यात केलेल्या मागणीचा सर्वोच्च आकडा दुकानदाराच्या बाबतीत सरासरी १५, व्यापाऱ्याच्या १९, वितरकाच्या २७ आणि कारखान्याच्या ३२ होता. गटाचा खर्च सरासरी २,००० डॉलरच्या आसपास गेला. समजूतदार नियमाने खेळले असते, तर २०० च्या आसपास भागले असते.

खेळ संपल्यावर शिक्षक विचारतो, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल? दुकानदार सोडून इतरांनी आलेख काढायचा असतो. बहुतेकांचा आलेख मोठ्या लाटेचा असतो. आधी उसळी, मग घसरण. दुकानदाराने पत्ते उघडून दाखवले, की वर्ग गप्प होतो. तोवर प्रत्येक जण शेजाऱ्याला दोष देत असतो. 'वरून माल पाठवत नव्हते', 'खालच्यांना काय हवे तेच कळत नव्हते'.

चूक कुठे होते?

दुकानदाराचा हिशेब मांडून पाहू. सुरुवातीला त्याच्याकडे १२ खोकी आहेत आणि दर आठवड्याला ४ येत आहेत. पाचव्या आठवड्यापासून ८ जाऊ लागली, म्हणजे साठा ८ वर आला. सहाव्या आठवड्यात ४, सातव्यात ०, आठव्यात ४ खोक्यांची तूट. त्याने पाचव्या आठवड्यातच शहाणपणाने ८ ची मागणी केली असली, तरी तो माल नवव्या आठवड्यात येणार. तेव्हा ही पहिली तूट त्याच्या चुकीने आलेली नाही.

पुन्हा १२ चा साठा व्हायला त्याला एकदाच १६ खोकी जादा हवीत. आठव्या आठवड्यात तो ८ अधिक १६ अशी २४ मागतो. नवव्या आठवड्यात तूट तशीच दिसते, म्हणून पुन्हा २४. दहाव्यात पुन्हा, अकराव्यात पुन्हा. बाराव्या आठवड्यात पहिली २४ येतात आणि साठा बरोबर १२ होतो. आता तो ८ वर परततो. पण वाटेतला माल थांबत नाही. पंधराव्या आठवड्यात त्याच्या दुकानात ६० खोकी पडलेली असतात. एकच खड्डा त्याने चारदा भरला. हे वरच्यांनी सर्व माल वेळेवर दिला असे धरून झाले. प्रत्यक्षात त्यांचाही साठा संपतो, वाट पाहणे लांबते आणि मागण्या आणखी फुगतात. व्यापाऱ्याला २४ च्या चिठ्ठ्या दिसतात, तेव्हा बाजारात तेजी आली असेच त्याला वाटणार. तोही तीच चूक मोठ्या आकड्याने करतो.

मागवलेला पण अजून न पोहोचलेला माल माणसे हिशेबात पुरेशी धरत नाहीत, असे स्टर्मन यांना आढळले. सरासरीने पाहता वाटेवरच्या मालापैकी सुमारे एक तृतीयांशच खेळाडूंच्या विचारात येत होता. आणि हे केवळ मागणी ठाऊक नसल्यामुळे घडत नाही. मागणी कोणत्या प्रकारे बदलेल हे सर्व खेळाडूंना आधी सांगून केलेले प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही लाट उठलीच.

ही लाट खेळापुरती नाही. लहान बाळांची लंगोट वापरण्याची गती जवळजवळ स्थिर असते, तरी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आपल्या लंगोटांच्या मागण्या मोठ्या प्रमाणात वरखाली होताना दिसल्या. १९९७ मध्ये हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उदाहरणांचा अभ्यास मांडला. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक सपकन फिरते, म्हणून याला चाबूक-परिणाम म्हणतात. आपल्या ओळखीचे उदाहरण कांद्याचे. भाव चढला की पुष्कळ शेतकरी कांदा लावतात. पीक हाती यायला काही महिने जातात. तोवर इतरांनी किती लावला आहे ते कोणालाच नीट दिसत नाही. सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. पाऊस आणि निर्यातीचे धोरण यांचाही त्यात भाग असतो. पण शेतकऱ्याला मूर्ख किंवा लोभी म्हणून हा प्रश्न सुटत नाही, एवढे या खेळावरून लक्षात यावे.

चर्चा हाच पाठ

कारखान्याच्या जागी बसलेला विद्यार्थी ३२ खोकी मागतो आणि पुढे काही आठवडे शून्य, तेव्हा खऱ्या कारखान्यात काय होईल? आधी जादा पाळ्या, मग कामगारकपात. केंटकीच्या कामगारांना ज्या कारणाने घरी बसावे लागले, ते कारण खेळाडूने स्वतःच्या हाताने तयार केलेले असते. आपण दुष्ट नव्हतो, आळशी नव्हतो, तरी हे झाले, हे त्याला कळते. ज्या व्यवस्थेत चांगली माणसे बसवली तरी तोच परिणाम होतो, तेथे माणूस बदलण्याआधी व्यवस्था तपासावी, हा या खेळाचा धडा आहे. चिठ्ठ्यांना लागणारा वेळ कमी केला किंवा गिऱ्हाइकाची खरी मागणी चौघांनाही दिसू दिली, तर लाट बरीच ओसरते.

पण हा धडा खेळातून आपोआप मिळत नाही. चर्चा न करता खेळ संपवला, तर 'अमक्याने घोटाळा केला' एवढेच विद्यार्थी घेऊन जातात. मायर यांच्या भूमिकांच्या पाठातही तसेच आहे. खेळाला दीड तास दिला तर चर्चेला निदान तेवढाच द्यावा. भूमिकेतून बाहेर पडायलाही मुलांना अवधी द्यावा, म्हणजे ट्रकवरून झालेले भांडण मधल्या सुट्टीत पोहोचणार नाही.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक खेळामागे रचणाऱ्याची काही गृहीतके असतात. जाहिरात वाढवली की विक्री इतकी वाढते, असे सूत्र संगणकात घातले असेल, तर हुशार विद्यार्थी बाजार न शिकता ते सूत्र हुडकून काढायला शिकतो. तेव्हा 'या खेळात काय सोडून दिले आहे?' हा प्रश्न चर्चेत आलाच पाहिजे. बिअरच्या खेळात कोणी मागणी रद्द करू शकत नाही आणि फोनही करू शकत नाही. खऱ्या बाजारात दोन्ही करता येते.

आपल्या वर्गात

अकरावी-बारावीच्या वर्गात बिअरऐवजी बिस्किटांची खोकी घ्यावीत. चार बाके ओळीने मांडा. खोक्यांसाठी चार-पाचशे चिंचोके लागतील. प्रत्येक बाकावर १२ चिंचोके ठेवा. दोन बाकांमध्ये खडूने दोन चौकोन आखा, हे वाटेतले दोन आठवडे. प्रत्येक चौकोनात ४ चिंचोके आणि ४ लिहिलेली एकेक चिठ्ठी ठेवा. कारखान्याच्या मागेही चौकोन आखून उत्पादनाचा माल मांडा. दर आठवड्याला क्रम एकच ठेवा: आलेला माल घ्या, मागचा माल एक घर पुढे सरकवा, चिठ्ठी उघडा, जमेल तेवढा माल पाठवा, साठा किंवा तूट वहीत लिहा, चिठ्ठ्या सरकवा आणि नवी मागणी लिहा. एकेका जागेवर दोघे बसवले तर एक हिशेब ठेवील आणि एक माल हलवील. छत्तीस आठवडे खेळा, पण मुलांना पन्नास सांगा. शेवट जवळ आला हे कळले तर ती साठा मुद्दाम संपवतील.

नंतर चारही वह्यांतले आकडे फळ्यावर एकाखाली एक आलेखांत मांडा. चार लाटा, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच आणि उशिराची. गणिताच्या शिक्षकाला त्यात आलेख दिसेल, भौतिकीच्या शिक्षकाला आंदोलन दिसेल आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकाला बाजार. मुलांना मात्र आधी एकच प्रश्न विचारावा: चूक कोणाची? उत्तर द्यायची घाई करू नये. त्यांना भांडू द्यावे आणि मग गिऱ्हाइकाचे पत्ते उलटावेत.